दुधाचा दाखला

माँ जायच्या आदल्या दिवशी आमच्या घरात वाद झाला तो शाळेच्या पालकसभेवरून.

रविवार होता. मागच्या ओट्यावर माँ जुमीला दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेऊन बसली होती आणि तिच्या केसांत तेल घालत होती. सात वर्षांच्या जुमीचे केस म्हणजे काथ्याचा गुंता. आत गेलेला कंगवा परत येईल याची खात्री नसे. दर ओढीला ती ओरडे, "माँ, मेले मी!"

"मेलेली माणसं एवढी बडबडत नाहीत. मान सरळ ठेव."

मी दारात बसून कॉलेजच्या मुलांचे निबंध स्क्रीनवर तपासत होते. खाडीला भरती होती. हल्ली भरतीचं पाणी आमच्या माडांच्या मुळांपर्यंत येतं आणि मागे एक पांढरी रेघ ठेवून जातं.

"उद्या शाळेत सभा आहे," माँ म्हणाली.

"मी जाते. अभ्यासक्रम बदललाय. तुला त्यातलं काय कळणार?"

"मला अभ्यासक्रम कळणार नाही, पण बाईंना मी कळेन ना! आणि शेवटी अंगठा कोणाचा लागतो?"

अंगठा तिचाच लागायचा. शाळेच्या नोंदीत पालक म्हणून नाव होतं मैमूना परकार. मी, इफ्फत परकार, त्या नोंदीत 'बहीण' या रकान्यात होते.

कुंपणापलीकडून हुरमतचाचीनं डोकं वर काढलं. ती शेजारी राहते आणि आमचं प्रत्येक बोलणं स्वतःला उद्देशून आहे असं समजते. "साठी उलटून किती वर्षं झाली मैमूना तुला? अजून पालकसभा! आमची नातवंडं कॉलेजात जातात."

"जातात गं, पण पोचतात का ते एकदा विचार."

चाची खो खो हसली. जुमीही हसली, काही न कळता. मी हसले नाही. मी म्हटलं, "सुट्टी टाकलीय मी. जाणार म्हणजे जाणार."

माँनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या पाहण्यात राग नव्हता. तिनं जुमीची वेणी घट्ट आवळली आणि म्हणाली, "बरं. दोघी जाऊ. एक अंगठ्याला, एक अकलेला."

दुपारी तिनं सांदणं केली. जुमीनं नारळाचं दूध फ्रॉकवर सांडलं. संध्याकाळी मी माँला विचारलं, "मोटर बंद केलीस का?" ती म्हणाली, "केली." आमचं शेवटचं बोलणं एवढंच.

जुमी आमच्याकडे कशी आली ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझं लग्न चार वर्षांत मोडलं आणि त्यानंतर वर्षभरात एका गाठीमुळे माझं गर्भाशय काढावं लागलं. मी पुस्तकांत डोकं घातलं. ते सोपं होतं. मग मर्जान बेटांवर वादळ आलं. आमच्या बापाच्या तरुणपणी त्यांची बोट त्या बेटांना लागायची. तिथल्या माणसांच्या गोष्टी ते आम्हाला सांगत. त्यामुळे बातम्यांत दिसणारी ती बुडालेली गावं मला परकी वाटली नाहीत. शेकडो तान्ही मुलं मागे राहिली होती. मला त्यांतलं एक हवं होतं. दया म्हणून नाही. मला मूल हवं होतं.

पण तो मुसलमान देश, आणि तिथल्या कायद्यात दत्तक नाही. अनाथ मुलाला घरी न्यावं, खाऊपिऊ घालावं, शिकवावं, याला ते कफालत म्हणतात आणि त्याचं मोठं पुण्य मानतात. पण मुलाचं नाव बदलायचं नाही, त्याच्या बापाच्या जागी आपलं नाव लावायचं नाही. यामागे एक न्याय आहे. ज्याचं सगळं गेलं त्याच्यापाशी निदान त्याचं नाव राहावं. आपल्याकडे देशात मूल आणायचा नियम नेमका उलटा होता: जिथून मूल आणता तिथला दत्तकाचा आदेश दाखवा. तिकडे तो मिळत नसे, इकडे त्याशिवाय चालत नसे. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते आणि दोन्हींच्या मधल्या फटीत मुलं अडकून पडत होती.

ती फट बुजवली एका यंत्रानं.

आईच्या दुधात नुसतं पोषण नसतं, तिच्या शरीरातल्या जिवंत पेशीही असतात. तान्ह्या बाळाच्या जठरातलं आम्ल सौम्य असतं, म्हणून त्यांतल्या काही पेशी पचून न जाता आतड्याची भिंत ओलांडतात, रक्तात उतरतात आणि यकृतात किंवा हाडांमधल्या मज्जेत घर करतात. लाखो पेशींमागे एखादी. हे शास्त्रज्ञांना बऱ्याच काळापासून ठाऊक होतं, पण ती एक शोधणं म्हणजे किनाऱ्यावर वाळूचा ठरावीक कण शोधण्यासारखं. मग केसाहून बारीक नळ्यांमधून एकेक पेशी सोडून तिच्या गुणसूत्रांचा नकाशा वाचणारं यंत्र निघालं. लोक त्याला चाळणी म्हणू लागले. या बाळाला कोणी दूध पाजलं, हे चाळणी सांगू शकत होती.

आमच्या धर्मात दुधाचं नातं फार जुनं आहे. दोन वर्षांच्या आतलं बाळ ज्या बाईचं दूध पाच वेळा पोटभर प्यालं ती त्याची आई, आणि तिची मुलं त्याची भावंडं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. पाच हा आकडा आमच्याकडे शाळकरी मुलीलाही माहीत असतो. बेटांच्या काझींनी दुधाचं नातं मान्य केलं, आपल्या सरकारनं चाळणीचा पुरावा जैविक नातं म्हणून मान्य केला, आणि दोन्ही देशांचा करार झाला. दूध पाजा, दाखला घ्या, मूल घेऊन जा. मूल न झालेल्या बाईलाही संप्रेरकाची पट्टी दंडावर लावून दूध आणता येत होतं.

मी गेले. सोबतीला माँला नेलं.

केंद्रात मला एक मुलगी दिली. जुमाना, बापाचं नाव सईद. मुठीएवढं तोंड आणि भुकेचा प्रचंड आवाज. मी पट्टी लावली, गोळ्या घेतल्या, पंप लावला, तिला तासन् तास छातीशी धरलं. दूध आलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी मात्रा वाढवली. मला ताप आला, चक्कर आली, पण दूध आलं नाही. काही बायकांना येतच नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि मग म्हणाल्या की कराराप्रमाणे कुटुंबातली कोणतीही बाई चालते.

माँ पलंगावर बसून सुपारी कातरत होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला.

"दे इकडे ती पट्टी."

"माँ, तुझं वय काय?"

"चार पोरं पाजली आहेत. तीन राहिली नाहीत, पण पाजली चौघांना. या अंगाला वाट माहीत आहे."

तिला आलं. एका दुपारी मी खोलीत शिरले तर जुमाना शांत होती. माँच्या मांडीवर तिची चिमुकली बोटं उघडझाप करत होती, आणि माँ खिडकीबाहेर पाहत होती, लाजल्यासारखी, तिच्या हातून काहीतरी भलतंच होऊन गेल्यासारखी. "आलं गं इफ्फत," एवढंच ती म्हणाली. मी "बरं झालं" म्हटलं आणि बाहेर येऊन समुद्र बघत उभी राहिले.

चाळणीनं दाखला दिला. जुमाना माँची दुधाची मुलगी. म्हणजे माझी बहीण. दाखला देणारा माणूस बरेच नियम समजावून सांगत होता. माझं लक्ष नव्हतं.

त्यानंतर सात वर्षं जुमीला अंघोळ मी घातली, अक्षरं मी शिकवली, गोवर आला तेव्हा उशाशी मी बसले. ती मला आपा, म्हणजे ताई, म्हणायची आणि माँला माँ. कोणी विचारलं तर मी म्हणायची, "ही जुमी." नात्याचं नाव मी कधी घेतलं नाही. बहीण हा शब्द मला गिळवत नव्हता आणि मुलगी म्हणायला मुभा नव्हती. जुमीशी बोलताना मी "माँला विचार" असंसुद्धा म्हणत नसे. "आत विचार," म्हणायची.

सोमवारी सकाळी सभेला जायच्या तयारीत माँ पदराला पिन लावत होती. ती खाली बसली, मग आडवी झाली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय.

आमच्यात मयत थांबवून ठेवत नाहीत. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर दफन ठरलं. गावातल्या बायका जमल्या, पाणी तापलं, कापूर आला. गुस्लच्या वेळी, म्हणजे मयताला शेवटची अंघोळ घालताना, हुरमतचाची मला म्हणाली, "जुमीला बोलाव. आईच्या अंगावर पाणी लेकींनी घालायचं असतं."

"लहान आहे ती, चाची. घाबरेल."

"घाबरेल कशाला? पाजलंय तिनं."

"राहू दे."

मी एकटीनं पाणी घातलं. माँच्या छातीवर कापड होतं. मी त्याच्यावरून पाणी ओतलं आणि हात पुढे नेला. जुमी शेजारच्या घरात टीव्हीसमोर बसली होती. भेटायला येणारी प्रत्येक बाई माझ्या गळ्यात पडली आणि जुमीच्या डोक्यावर हात ठेवून पुढे गेली. कोणीतरी तिला समजावलं, "आपाला त्रास देऊ नको हां, तिची आई गेलीय." जुमीनं मान हलवली. ती रडली नाही. मला वाटलं, पोर समजूतदार आहे.

काही आठवड्यांनी मुंबईहून बोलावणं आलं. परदेशातून आणलेल्या मुलांच्या पालकत्वाचं तिथं एक कार्यालय आहे. देवळेकर नावाचे अधिकारी होते. पन्नाशीचे, थकलेले, बोलायला चांगले. जुमीला त्यांनी बाहेर रंग आणि कागद दिले.

"तुमच्या आईंच्या मृत्यूबरोबर तो जुना दाखला आणि तिचा राहण्याचा परवाना, दोन्ही संपलेत," ते म्हणाले. "घाबरू नका. पालकत्व पुढच्या दुधाच्या नातेवाइकाकडे जातं. म्हणजे तुमच्याकडे, बहीण म्हणून. मात्र नातं पुन्हा सिद्ध करावं लागतं. मुलीच्या रक्तातल्या पेशी आणि पालकाच्या अंगातला नमुना. तो नमुना दफनाच्या आधी घ्यायचा असतो."

"त्या दिवशी कोणाला सुचलं नाही. आमच्यात लगेच..."

"माहीत आहे मला. तुमच्या समाजातल्या बऱ्याच जणांचं असं होतं. दु:खात नमुना कोण आठवणार?"

"सात वर्षांपूर्वी घेतलेला असेल ना तुमच्याकडे?"

"दाखला दिल्यावर तो नष्ट करतात. खासगीपणाचा कायदा."

"तिचा कंगवा आहे. टूथब्रश आहे."

"वस्तू चालत नाहीत, बाई. मध्यंतरी दुसऱ्यांच्या कंगव्यांचा बाजार झाला होता. नमुना शरीरातूनच घ्यावा लागतो, साक्षीदारांसमोर."

"माझं रक्त घ्या. मी तिची मुलगी आहे."

"त्यात निम्माच नकाशा जुळणार. निम्मा मावशीचाही जुळू शकतो. आणि तुमचे आईवडील एकमेकांचे चुलत भाऊबहीण होते, असं इथं दिसतंय. मग तर सगळाच गुंता." त्यांनी समोरचा कागद मिटला. "कबर उघडायची परवानगी मिळू शकते. मी सुचवत नाही. फक्त सांगतोय."

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"आणखी एक मार्ग आहे. दोन वर्षांपूर्वी नियम बदललाय. आता आपण त्यांची कफालत सरळ मान्य करतो. दूध नको, चाळणी नको. एकटी बाईसुद्धा अर्ज करू शकते. मुलीचं नाव तेच राहतं, पण इथल्या सगळ्या नोंदींत तुम्ही आई."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "आई?"

"आई. मात्र अर्ज करताना मूल त्याच्या देशात असावं लागतं. म्हणजे तिला परत पाठवायचं, तिथल्या केंद्रात ठेवायचं. वर्ष लागेल, कदाचित दोन. मंजूर होईलच असंही नाही. आणि एक लक्षात घ्या. एकदा तुम्ही बहीण म्हणून सिद्ध झालात की हा मार्ग कायमचा बंद. इथंही आणि तिथंही. बहिणीला आई होता येत नाही."

बाहेर जुमीनं एक चित्र काढलं होतं. त्यात आमचं घर होतं आणि ओटा रिकामा होता.

परतीच्या गाडीत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि मी खरोखरच विचार करत होते. हे लिहायला जड जातं, पण करत होते. एक वर्ष. फार तर दोन. रोज स्क्रीनवर बोलता येईल. सुट्टीत जाऊन राहता येईल. आणि मग उरलेलं आयुष्य मी तिची आई. नियम जर काही वर्षं आधी बदलले असते, तर माँला पट्टी लावावीच लागली नसती. मी मनात माँशी भांडत होते. भांडायला ती नव्हती, म्हणून मीच जिंकत होते.

घरी आल्यावर हुरमतचाचीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"परत धाडणार? त्या पोरीला?"

"थोड्या दिवसांसाठी, चाची."

"तिला तिकडची भाषा येते?"

"नाही."

"तिकडे कोण आहे तिचं?"

"कोणी नाही."

"म्हणजे एक आई मातीत घातली, आता घर काढून घ्यायचं. कशाला? तर तुला आई म्हणवून घ्यायला." ती परत तांदूळ निवडू लागली. "पुस्तकं फार वाचलीस तू इफ्फत. चष्मा पूस जरा."

मी तिच्यावर चिडले, दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी चाळणी चालवणाऱ्या पुण्याच्या प्रयोगशाळेला फोन केला. माँचा नमुना मिळवायचा दुसरा काही उपाय आहे का, एवढंच विचारायचं होतं.

फोनवर डॉक्टर उर्मिला बोंद्रे होत्या. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमचा जन्म त्यांच्याच पोटी ना?"

"हो."

"मग त्यांचा नमुना तुमच्याजवळ आहे. या इकडे."

आम्ही दोघी गेलो. बोंद्रेबाई उंच, केस कापलेल्या, बोलताना टेबलावर बोटानं रेघा ओढायची सवय असलेल्या.

"मूल पोटात असताना आईच्या पेशी नाळेतून बाळात जातात," त्यांनी रेघ ओढली. "बाळाच्याही आईत जातात, पण ते आत्ता सोडा. बाळाच्या शरीराला त्या परक्या वाटायला हव्यात, त्यानं त्या मारून टाकायला हव्यात. पण गर्भात असतानाच त्याची त्यांच्याशी ओळख होते, म्हणून ते त्यांना राहू देतं. जन्मभर. मज्जेत, यकृतात, कधी हृदयातसुद्धा. त्या तिथं वाढतात, विभागतात. तुमच्या हाडांत आत्ता, या क्षणी, तुमच्या आईच्या जिवंत पेशी असणार. निम्मा नकाशा नव्हे. पूर्ण. त्यांच्याच."

"आणि ते शरीरातून घेतलेलं धरतील?"

"शरीरच आहे ना तुमचं? दोन साक्षीदार बोलावू."

"जुमीत सापडतील? सात वर्षं झाली."

"कमी झाल्या असतील. पाहू. पण इफ्फतबाई, देवळेकरांशी बोलले मी. दुसऱ्या मार्गाबद्दलही कळलं. एकदा मी अहवाल दिला की तो मागे घेता येत नाही. तुम्हाला वेळ हवा असेल तर घ्या."

काचेपलीकडे जुमी खुर्चीवर पाय हलवत बसली होती. रक्त काढताना ती रडली नव्हती. मला तेव्हा जाणवलं की माँ गेल्यापासून ती कशालाच रडली नव्हती. गुडघा फुटला तेव्हाही नाही. केस ती स्वतःच विंचरायची, वरवर, आणि आतला गुंता तसाच ठेवायची. ओरडण्यासाठी घरात कोणी उरलं नाही असं तिनं ठरवलं होतं.

"नको," मी म्हटलं. "सुई घाला."

कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. दुखतं. पालथं पडून मी भिंतीकडे पाहत होते.

अहवाल तयार झाल्यावर बोंद्रेबाईंनी मला पडद्यासमोर बसवलं. करड्या पार्श्वभूमीवर एक गोल, जरासा चुरगळलेला ठिपका होता. त्याची कड हलत होती.

"ही तुमच्या मज्जेतली. तुमची नाही, त्यांची. सकाळपासून हिचे दोन भाग झालेत."

मी बघत राहिले. माँला आम्ही जांभ्याच्या मातीत ठेवून आलो होतो. मी स्वतः मूठभर माती टाकली होती.

"आणि ही मुलीच्या रक्तातली. फार शोधावं लागलं. पण मिळाली." दुसरा ठिपका. "दोन्हींचा नकाशा एक. एकाच बाईच्या पेशी दोघींच्या अंगात. तुम्हाला नाळेतून मिळाल्या, तिला दुधातून. कुठली कुठून आली हे आता मलाही नुसतं बघून सांगता येणार नाही."

"यंत्राला येईल?"

"नाही. त्याला फक्त आई दिसते."

मी त्यांना पडदा जरा वेळ तसाच ठेवायला सांगितलं. मोठं काही मनात आलं नाही. एवढंच आलं की केंद्रातल्या त्या दुपारी मी बाहेर जायला नको होतं. लाजलेल्या माँजवळ जाऊन बसायला हवं होतं. तिच्या वयाच्या बाईनं परक्या देशात, लेकीला मूल मिळावं म्हणून अंग पुन्हा कामाला लावलं होतं, आणि दूध आलं तेव्हा ते मला सांगताना ती अपराध्यासारखी बोलली होती. तिला वाटलं असेल मी तिच्याजवळ येईन. सात वर्षं वाटलं असेल. पालकसभेला दोघी जाऊ म्हणाली तेव्हाही.

देवळेकरांच्या कार्यालयात शेवटची सुनावणी होती. पडद्यावर बेटांवरचे काझी होते, पांढऱ्या दाढीचे, वारंवार खोकणारे. दुभाष्याचं काम यंत्र करत होतं, त्यामुळे त्यांचा आवाज आणि शब्द वेगवेगळ्या माणसांचे वाटत.

"जुमाना बिन्त सईद. ही तुमची कोण?"

"दुधाची बहीण."

"तुम्ही हिच्यावर आई म्हणून काही हक्क सांगता का? आता किंवा पुढे?"

देवळेकरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातलं पेन टेबलाला टेकलेलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

काझींनी खोकून दुआ दिली. यंत्रानं खोकला वगळून दुआ सांगितली. देवळेकर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "झालं, बाई. पोरीला जेवायला घाला काहीतरी चांगलं."

मी मोठ्यानं बहीण म्हटलं होतं, कायद्यासमोर, परक्या माणसांसमोर. जुमी तेव्हा बाहेर होती. तिनं ते ऐकलं नव्हतं.

खाली रस्त्यापलीकडे समुद्राला घातलेली नवी भिंत आहे. त्या भिंतीला लागून बाकं ठेवलेली आहेत. आम्ही वडापाव घेऊन तिथं बसलो. ऊन होतं. जुमीनं आधी मिरची बाजूला काढली, मग विचारलं, "मला नाही ना पाठवणार?"

"नाही. कुठेच नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिनं एक घास खाल्ला. बराच वेळ चावला. मग अगदी साध्या आवाजात, उद्याची शाळा विचारावी तसं, म्हणाली, "आपा, मग मी तुझ्या माँच्या खोलीत झोपले तर चालेल? तुला वाईट वाटेल?"

तुझ्या माँच्या. लोकांनी तिला जे सांगितलं ते ती शिकली होती. आणि मी जे सांगितलं नव्हतं तेही. माझं दु:ख माझं म्हणून तिनं सांभाळलं होतं, त्याला हात न लावता, पाहुण्याच्या घरची वस्तू असावी तसं.

मी तिच्या हातातला वडापाव घेऊन बाकावर ठेवला. तिचे दोन्ही हात धरले. ते तेलकट होते. मला कितीतरी वाक्यं येतात, आयुष्यभर तीच गोळा केली आहेत. त्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं.

"जुमी, इकडे बघ," मी म्हटलं. "ती तुझी आई होती. तुला तिनं पाजलं. मी नाही, तिनं. मला ते बघवलं नाही, म्हणून मी कधी म्हटलं नाही. त्या दिवशी तिला अंघोळ घालायला तुला मी बोलवायला हवं होतं, तो तुझा हक्क होता. तू माझी बहीण आहेस. आपली माँ गेली, जुमी. माझी आणि तुझी. आपली माँ गेली गं."